घरी झालेली पोरं

बायजाचं मी वाटोळं केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी माझी बाजू मांडायला लागले तर तुमच्या लक्षात येईल की ही बाई सारवासारव करतेय. मला ती खोड आहे. तोंड जरा चालूच असतं माझं, आणि चूक कबूल करायची वेळ आली की ते जास्तच चालतं.

मी सरोज. पुण्याला शिकलेली नर्स आणि सुईण. १९५६ साली डोंबिवलीला डॉक्टर फणसळकरांच्या प्रसूतिगृहात होते. आठ खाटा, मागे विहीर, पुढे ओटा. गाव तेव्हा लहान होतं. नवीन बिऱ्हाडं येत होती, त्यांच्या लेकीसुना बाळंतपणाला आमच्याकडे यायच्या. खालची फरशी मी रोज दोनदा कार्बोलिकने पुसून घ्यायची. दवाखान्यातल्या आया मला मागे कार्बोलिकबाई म्हणायच्या, ते मला ठाऊक होतं आणि त्याचा मला अभिमानच वाटायचा.

बायजा ठाकुर्लीची. आगऱ्यांची, पन्नाशीची, नवरा कधीच गेलेला. बाळंतीण आणि बाळ दहाव्या दिवशी आमच्याकडून घरी गेली, की दुसऱ्या सकाळी बायजा त्यांच्या न्हाणीघरात हजर. बाळंतिणीला चोळायचं, न्हाऊ घालायचं, मग पाय पसरून त्यावर बाळाला घ्यायचं. तेल, डाळीचं पीठ, कढत पाणी. टाळूवर तेल थापायचं. अंग पुसलं की बाळाच्या दोन्ही कानांत आणि नाकात फुंकर मारायची, पाणी राहू नये म्हणून. तान्ह्या पोरांच्या छातीत कधीकधी दुधासारखं पाणी येतं, ते पिळून काढायचं. मग ओव्याची धुरी. पोर त्यानंतर तीन-तीन तास झोपायचं. डोंबिवलीतल्या बायका तिच्यासाठी थांबून राहायच्या. एका घरात ती सांगून गेली की उद्या उशीर होईल, तर त्या घरात उद्या अंघोळ उशिरा.

मला ती फुंकर डोळ्यांसमोर सहन व्हायची नाही. छाती पिळणं तर नाहीच. रस्त्यात भेटली की मी तिला झापायची. अगं, तोंडातली घाण पोराच्या नाकात घालतेस, काही कळतं का तुला. ती हसायची आणि म्हणायची, नर्सबाय, तीस वरसं फुकतेय. मला तिचा तो हसण्यातला निवांतपणा आवडायचा नाही, खरं सांगते. शिकले मी आणि बायका मान द्यायच्या तिला.

त्या वर्षी श्रावणानंतर पोरं परत यायला लागली. पंधरा दिवसांची, वीस दिवसांची. मानेच्या वळीत, जांघेत पुवाच्या पुटकुळ्या. एकाचे डोळे चिकटलेले. एका मुलीची छाती लालबुंद सुजून आत गळू झालेलं. पाठोपाठ त्यांच्या बाळंतिणीही यायला लागल्या, दुधाची गळवं घेऊन, तापाने फणफणत. डॉक्टर चिरा देत होते आणि मी पेनिसिलिन टोचत होते. चार वर्षांपूर्वी जे दोन दिवसांत बसायचं, ते आता आठ दिवस हटेना. डॉक्टर म्हणाले, डोस वाढवा. मी वाढवला. पेनिसिलिन पाण्यासारखं चाललं होतं.

मी हुशार. मी एक वही घेतली. दुखणं आलेल्या प्रत्येक पोराचं नाव, कितव्या दिवशी घरी गेलं, कितव्या दिवशी पुटकुळी आली, घरात कोणाला गळू होतं, पाणी कुठल्या विहिरीचं, अंघोळ कोण घालतं. दिवाळीपर्यंत नऊ नावं झाली. विहिरी वेगवेगळ्या. दूधवाले वेगवेगळे. आमच्याकडून जाताना नऊच्या नऊ पोरं स्वच्छ, मी स्वतः पाहून पाठवलेली. आणि नऊच्या नऊ पोरांना अंघोळ घालणारी बाई एक.

त्या दिवशी वही घेऊन डॉक्टरांच्या टेबलापाशी उभी राहिले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. डॉक्टरांनी वही दोनदा वाचली. म्हणाले, नर्स, हे काम मोठ्या इस्पितळातल्या माणसाने केलं असतं तर त्याचं नाव छापून आलं असतं. मी घरी जाऊन हे वाक्य मनात किती वेळा घोळवलं असेल, विचारू नका.

डॉक्टरांनी बायजाला बोलावून घेतलं. ती ओट्याखाली उभी राहिली. डॉक्टर भले गृहस्थ, त्यांना कोणाला दुखवता येत नाही, म्हणून बोलायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. मी बोलले. तुझ्या हातातून, तुझ्या तोंडातून जंतू जातात, नऊ पोरं आजारी पडली, आता डोंबिवलीत कुठल्याही तान्ह्या पोराला हात लावायचा नाही. ओट्यावर दोन बायका बसलेल्या होत्या, त्यांनी ऐकलं. मी त्यांना ऐकू जावं म्हणूनच मोठ्याने बोलले.

बायजाचं हसू गेलं. तिने आपले हात पाहिले, दोन्हीकडून. मग हळूच म्हणाली, “नर्सबाय, घरी झालेली पोरं बी मीच धुते. ठाकुर्लीला, चोल्याला, पाथर्लीला. त्यांना नाय झालं काय. तेवढं बघा की.”

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, ती आमच्याकडे येत नाहीत, त्यांचं मला काय माहीत. आणि वही मिटली.

आता कोणीही शहाणा माणूस सांगेल, की तोच एक प्रश्न विचारायचा होता. माझ्या वहीत आमच्याकडे जन्मलेलीच पोरं होती. जी आमच्याकडे जन्मलीच नाहीत, पण बायजाच्या पायांवर न्हाली, ती कुठेच नव्हती. नऊच्या नऊ पोरांत बायजा होती, तसं नऊच्या नऊ पोरांत आमचं प्रसूतिगृहही होतं. हे डोळ्यांसमोर होतं हो. पण ज्या घरात आपण उभे असतो, ते घर मोजायचं राहून जातं. आणि मला ते मोजायचं नव्हतंच.

पंधरा दिवसांत बायजाला सगळ्या घरांनी बंद केलं. काही बायकांनी नीट सांगितलं, काहींनी दार लावून घेतलं. पुढे ठाकुर्लीतही बातमी गेली, की डॉक्टरने सांगितलंय हिच्या हाताला विष आहे. एका घरात बाळाच्या पाचवीला तिला आत घेतलं नाही. ती दिवसभर आपल्या अंगणात बसून असते, असं मला आयाने सांगितलं. मी म्हटलं, बसू दे, पोरं तरी वाचतील.

पोरं वाचली नाहीत. मार्गशीर्षात आणखी तीन आली, तशाच पुटकुळ्या घेऊन. डॉक्टरांनी विचारलं, आता कशी? माझ्याकडे उत्तर तयार होतं. त्या बायका चोरून बायजालाच बोलावत असणार, मी म्हटलं. एक रडून सांगत होती की नाही बोलावलं. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

बायजाची लेक सगुणा तेव्हा पोटुशी होती. पहिलटकरीण. तिचा नवरा काळुराम ठाकुर्लीच्या वीजघरात कामाला, दोघं बायजाजवळच राहायची. आगऱ्यांत तेव्हा दवाखान्यात बाळंत होणारी विरळाच. पण आठवा संपत आला तशी बायजा एका सकाळी रुळांच्या कडेकडेने चालत आली आणि ओट्याखाली, त्याच जागी, उभी राहिली. म्हणाली, माझ्या हातात जर वाईट असेल तर माझ्या नातवाला ते नको. सगुणाला तुमच्याकडे घ्या. तुमच्या हाताने सगळं करा.

त्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं धुतली होती, आणि आता स्वतःच्या लेकीचं पहिलं पोर ती माझ्या ओटीत घालत होती. का, तर मी सांगितलं होतं म्हणून. मला तेव्हा गहिवरून वगैरे आलं नाही. मला वाटलं, बरं झालं, शेवटी पटलं हिला. मी तिला शब्द दिला की बाळाला दुसरं कोणी हात लावणार नाही, रोजची अंघोळ मी स्वतः घालीन, आणि दहा दिवसांऐवजी पंधरा दिवस ठेवून घेईन.

पौषात सगुणाला मुलगा झाला. साडेसहा पौंडांचा, जावळ काळंभोर. जन्मला तो ओरडतच.

आता माझ्या नाकाचं सांगायला हवं. दर थंडीत माझ्या डाव्या नाकपुडीत फोड यायचा. बारीकसाच, पण ठसठसायचा. चार वर्षं तसं चाललं होतं. पेनिसिलिनच्या बाटलीत टोचून झाल्यावर तळाला थोडं उरतं. ते फेकायला माझा हात धजायचा नाही. एवढं मोलाचं औषध, खटपटीने मागवलेलं, आणि ते मोरीत ओतायचं? मी कापसाचा बोळा त्यात बुडवून नाकात ठेवायची. चार दिवस, बरं वाटलं की बंद. पुन्हा ठसठसलं की पुन्हा दोन दिवस. दुसऱ्या नर्सलाही मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, की बघ, काटकसर अशी करावी. आणि तोंडावर बांधायचा रुमाल त्या फोडाला घासायचा, म्हणून मी तो नाकाखाली बांधायची. हात मात्र प्रत्येक बाळाआधी कोपरापर्यंत धुवायची. मग धुतलेल्या हाताने रुमाल सारखा करायची आणि बाळाला घ्यायची.

सगुणाच्या मुलाला मी रोज न्हाऊ घातलं. उकळून गाळलेलं पाणी, नवा पंचा. नाळ मीच पुसली. बायजा रोज सकाळी लेकीची भाकरी, पेज घेऊन यायची आणि खोलीच्या दाराशी उभी राहायची. हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलेलं. मी कधी म्हटलं, अगं, ये आत, लांबून बघ, तरी उंबऱ्याच्या आत यायची नाही. तिथूनच विचारायची, प्याला काय, झोपला काय. सगुणा एकदा चिडली. म्हणाली, आये, माझं पोर हाय, तुला घेऊ देते मी. बायजाने मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी पंचाची घडी घालायला घेतली.

बाराव्या दिवशी मानेच्या वळीत मला पहिली पुटकुळी दिसली.

मी ती स्पिरिटने पुसली आणि कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सहा होत्या. संध्याकाळपर्यंत डावी छाती सुजली. मी तर ती कधी पिळली नव्हती. डॉक्टरांना बोलावलं. पेनिसिलिन सुरू झालं, दुप्पट. ताप उतरेना. चौदाव्या दिवशी पोराचा श्वास लागला.

डॉक्टर तेव्हा पहिल्यांदा माझ्याशी कडक बोलले. म्हणाले, नर्स, हे पोर घरी गेलेलंच नाही.  परदेशच्या एका मासिकात त्यांनी वाचलं होतं, की इस्पितळांत असे जंतू निघालेत ज्यांना पेनिसिलिन काही करत नाही, आणि ते धडधाकट माणसांच्या नाकात मुक्काम करून असतात. माणसाला पत्ता नसतो. त्यांनी बाळाच्या छातीतला पू काढला आणि कापसाच्या काड्या घेऊन प्रत्येकाच्या नाकातून फिरवल्या. दोन्ही नर्सेस, दोन्ही आया, स्वतःचं नाक. मुंबईला त्यांचा मित्र प्रयोगशाळेत होता, त्याच्याकडे सगळं पाठवायचं ठरलं.

मी म्हटलं, बायजाचीही घ्या. मला अजूनही खात्री होती हो.

बायजाला आत बोलावलं. ती खुर्चीत बसली, डोळे घट्ट मिटले आणि काडी नाकात गेली तेव्हा खुर्चीची कड धरून ठेवली. डॉक्टर म्हणाले, दुखलं का? ती नाही म्हणाली.

मुंबईला एक नवीन औषध आल्याचं डॉक्टरांना माहीत होतं. काळुराम जाऊन ते घेऊन आला. दीड दिवस ते दिलं. सोळाव्या दिवशी, दुपारी, मी पोराला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजत होते, आणि ते पाणी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं.

काळुरामने त्याला पंच्यात गुंडाळून घेतलं. सगुणा भिंतीकडे तोंड करून पडली होती. दारातून जाताना काळुराम सासूपाशी थांबला, की ती शेवटचं घेईल. बायजाने हात पुढे केले नाहीत. तेव्हासुद्धा नाही. ती नुसती वाकून बघत राहिली, आणि तिने हात पाठीमागेच ठेवले.

चार दिवसांनी मुंबईचा कागद आला. डॉक्टरांनी वाचला आणि माझ्यापुढे सरकवला. बायजाच्या नाकात काही नाही. आया, दुसरी नर्स, डॉक्टर, काही नाही. माझ्या नाकात जंतू, रग्गड. काचेच्या तबकडीत पेनिसिलिनच्या ठिपक्याला चिकटून वाढलेले, त्याला न जुमानता. आणि बाळाच्या पुवातले जंतू अगदी तसेच.

मी कागद तीनदा वाचला. मग मी डॉक्टरांना बाटलीच्या तळाचं सांगितलं. चार वर्षं मी नाकात औषध ठेवत होते, ते मरणारे जंतू मारून न मरणाऱ्यांना जागा मोकळी करून देत होतं, असं त्यांनी मला समजावलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, प्रसूतिगृह पंधरा दिवस बंद ठेवू, चुना मारू, तुम्ही नाकाला दुसरं औषध लावा. आणि हे आपल्या दोघांतच राहू दे. लोकांना कळलं तर पोरीबाळी पुन्हा अंधाऱ्या खोलीत बाळंत होतील, त्यात किती मरतील याचा विचार करा.

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी हो म्हटलं. अकरा दिवस मी गप्प बसले. हे मी लपवणार नाही.

त्या अकरा दिवसांत मी काय केलं, तेही ऐका. मी वही घेतली आणि बायजाने म्हटलेली घरी झालेली पोरं शोधत फिरले. ठाकुर्ली, चोळे, पाथर्ली, आयरे, भाताच्या रिकाम्या खाचरांतून उन्हात. लोकांना वाटलं, नर्सबाई किती कष्ट घेते. मी काय शोधत होते ठाऊक आहे? एखादं पोर. पुटकुळ्या झालेलं एक तरी पोर, बायजाने धुतलेलं. एक मिळालं असतं तर मला झोप लागली असती. मनात देवाला हात जोडत होते, की एक आजारी पोर दाखव. असली मी नर्स.

सतरा घरं झाली. सतरा पोरं, त्याच पावसापासून दिवाळीपर्यंत घरी जन्मलेली आणि बायजाच्या पायांवर न्हालेली. तिने सगळ्यांच्या नाकात फुंकर मारली होती, छात्या पिळल्या होत्या. एकाच्याही अंगावर डाग नव्हता. पाथर्लीला कलावती म्हणून एक बाई होती, तिने पोराला उघडं करून माझ्यापुढे धरलं, तेलाने चकचकीत. म्हणाली, “बायजाचा हात व्हता म्हणून असा झाला. आता तिला कुणी बोलवीत नाय. तुमीच सांगितलंत ना?”

मी हो म्हटलं आणि वहीत सतरावं नाव लिहिलं.

बाराव्या दिवशी ठाकुर्लीला गेले. बायजा अंगणात सुकट निवडत होती. सगुणा आत. मी वाटेत वाक्यं जुळवली होती, पण तिने मला तोंड उघडूच दिलं नाही. मला पाहून ती उठली आणि चक्क माझे पाय धरले. मी मागे सरले. ती रडत नव्हती. 

“नर्सबाय, मी त्याला हात लावला. नवव्या दिशी. तुमी जेवायला गेलेल्या, सगुणा निजलेली. तो रडाय लागला. मना नाय रावलं. घेतला उचलून, आन कानात फुकली. येकदाच. तुमी मना सांगितलं व्हतं, तरी मी फुकली.”

म्हणजे ही बाई तीन आठवडे हे पोटात घेऊन बसली होती. लेकीपुढे, जावयापुढे, भाकरी थापताना, पाणी भरताना. आपण एकदा नातवाला उचललं म्हणून तो मेला, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

खरं सांगू? एक क्षण, एकच क्षण, मला सुटल्यासारखं वाटलं. तिने स्वतःच कबूल केलं होतं. मी मान हलवून निघून आले असते, तर या जगात कोणी मला विचारलं नसतं. डॉक्टरही नाही.

मी खाली बसले, मातीतच. म्हटलं, बायजा, तुझं काही नाही. माझ्या नाकात होतं. मुंबईचा कागद आला. मी तुझी सतरा पोरं पाहून आले, सगळी चांगली आहेत. त्याला मी मारलं, तू नाही. तुझी फुंकर स्वच्छ होती. मी कागद काढून तिच्यापुढे धरला. इंग्रजी कागद, टंकलेला, खाली सही. तिने त्याला हात लावला नाही. माझं सगळं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत, सुकटीच्या सुपाकडे बघत. मग तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तिच्या लेकीएवढी असल्यासारखा.

“तुमी लय चांगल्या बाया हाव,” ती म्हणाली. “माझ्यासाठी असं पाप आंगावर घेऊ नका. तुमी दर वेळी हात धुवायच्या, मी बघलाय दारातून. तुमच्यानं कसं होईल?”

मी ओरडले. मी तिला शपथा घातल्या. मी म्हटलं, अगं बये, मी शिकलेली आहे, मला कळतं, माझं ऐक. आणि हे बोलताना माझ्याच लक्षात आलं, की हेच मी तिला दिवाळीलाही म्हटलं होतं, याच आवाजात. तेव्हा तिने ऐकलं होतं. एकदा तिने माझं इतकं मनापासून ऐकलं, की दुसऱ्यांदा ऐकायला तिच्यात जागाच उरली नव्हती.

आतून सगुणा उंबऱ्यात आली होती. तिने सगळं ऐकलं. तिने विश्वास ठेवला, मला तिच्या डोळ्यांत दिसलं. मग तिने आईपुढचं सूप घेतलं आणि आत गेली.

मी डोंबिवली सोडली. जाण्याआधी ज्या-ज्या घरी बायजाची बदनामी केली होती तिथे जाऊन खरं सांगितलं. डॉक्टर नाराज झाले. काही बायकांनी बायजाला पुन्हा बोलावणं पाठवलं. ती गेली नाही. म्हणाली, नर्सबाई माझी दया येऊन तसं बोलते. आता मी ठाण्याला मुलींच्या शाळेत प्रथमोपचार शिकवते, पट्ट्या बांधायला वगैरे. तान्ह्या पोराला मी हात लावत नाही. माझं नाक आता साफ आहे म्हणतात, दोनदा तपासून घेतलं, तरी नाही लावत.

गेल्या वर्षी, अठ्ठावन्न साली, काळुराम ठाण्याला शाळेत आला. सगुणाला मुलगी झाली होती, घरीच, आठ दिवसांपूर्वी. म्हणाला, बाई, सासूबाय पोरीला शिवत नाय. सगुणाने तुम्हाला बोलावलंय. आईला सांगा म्हणते, आई तुमचंच ऐकते.

मी गेले. न्हाणीत पाणी तापलेलं होतं, पाट मांडलेला. बायजा भिंतीला टेकून उभी, हात पाठीमागे. केस पार पांढरे झालेले. मी तिला पुष्कळ समजावलं. मग मी माझा जुना आवाज काढला आणि हुकूमच सोडला, बायजा, बस पाटावर, पाय पसर. ती बसली. पाय पसरले. सगुणाने पोर तिच्या पायांवर ठेवलं.

पोर पाय झाडत होतं. बायजा त्याच्याकडे बघत होती. हात मांड्यांशेजारी जमिनीवर टेकलेले, तसेच राहिले. तिने प्रयत्न केला. मी पाहिला, दंडापर्यंत आलेला. पण हात उठले नाहीत. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “नाय होत, नर्सबाय. तुमीच घाला.”

मी माझे हात पाहिले. मी नाही म्हटलं.

शेवटी सगुणाने पोरीला उचललं आणि स्वतःच पाटावर बसली. तिला घालता येत नव्हतं. पाणी डोळ्यांत जात होतं, मान लटकत होती. बायजा भिंतीपासून सांगत होती, मान धर, बाय, मान धर, पानी बाजूनं सोड. मीही सांगत होते. पोरगी किंचाळत होती, सगुणा रडत रडत तिला धूत होती, आणि आम्ही दोघी भिंतीशी उभ्या होतो.